योजनेला गुण आला, हे ओळखायचे कसे?

ताप आला की पहिले दोन दिवस आपला माणूस तो अंगावर काढतो. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन "डॉक्टर, सुई द्याच" म्हणतो. पाचव्या दिवशी ताप उतरतो आणि वाडीभर होते की अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. साधा विषाणूजन्य ताप चार-पाच दिवसांत बहुधा आपोआपच उतरतो, हे आम्हां डॉक्टरांना ठाऊक असते. पण चालून आलेले श्रेय कोण नाकारतो?

सरकारी आरोग्य योजनांचेही पुष्कळदा असेच होते. योजना सुरू होते, दोन वर्षांनी अहवाल निघतो, त्यात आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी छापलेले असतात. बालमृत्यू कमी झाले, शस्त्रक्रिया वाढल्या, दवाखान्यातील बाळंतपणे वाढली. सत्तेवर असलेले म्हणतात, योजनेमुळे झाले. विरोधक म्हणतात, होणारच होते. दोघांपैकी कोण खरे, हे त्या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. योजनेवर जो पैसा खर्च होतो तो तुमचा-आमचा असतो, आणि एका योजनेवर खर्च झालेला पैसा दुसऱ्या योजनेला मिळत नाही. म्हणून औषधाचा गुण जसा तपासतात तसा योजनेचा गुणही तपासता येतो का, हा प्रश्न मी आरोग्याच्या सदरात घेत आहे. तपासता येतो. त्याचे शास्त्र आहे आणि त्याचे मूळ तत्त्व सातवीतल्या मुलालाही समजेल इतके सोपे आहे.

महाडकरांना ह्याचे सर्वांत जवळचे उदाहरण माहीत आहे. ते म्हणजे विंचूदंश. लाल विंचू चावल्यावर हृदयावर ताण येऊन, फुप्फुसात पाणी होऊन धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ह्या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला आणि पुढे प्राझोसिन ह्या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, हे सर्वश्रुत आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण मला येथे त्यांचे नंतरचे काम सांगायचे आहे. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिली तर आणखी फायदा होतो का, हा प्रश्न होता. त्यांनी ७० रुग्ण घेतले. कोणाला नुसती गोळी आणि कोणाला गोळी व लस हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. दोन्हीकडे ३५-३५ रुग्ण. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण गोळी व लस घेणाऱ्यांत ३२ निघाले, नुसती गोळी घेणाऱ्यांत ८. हा अभ्यास महाडमध्येच झाला आणि २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

चिठ्ठी टाकण्याचा फायदा काय? तरुण, वृद्ध, लवकर आलेले, उशिरा आलेले, सगळे दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात. मग शेवटी जो फरक उरतो त्याला लसीशिवाय दुसरे कारण सापडत नाही. डॉक्टरांनीच निवड केली असती तर जो जास्त अत्यवस्थ त्यालाच लस दिली गेली असती आणि हिशेब बिघडला असता.

न घडलेली गोष्ट

औषधासाठी चिठ्ठ्या टाकता येतात. जिल्ह्यांसाठी टाकता येतात का? आपल्याकडे बहुधा टाकत नाहीत. योजना कोणत्या जिल्ह्यात आधी आणायची हे मंत्रालयात ठरते. मग गुण ओळखण्यासाठी आपल्याला एका न घडलेल्या गोष्टीचा अंदाज बांधावा लागतो. योजना आलीच नसती तर ह्याच तालुक्यात, ह्याच दोन वर्षांत काय झाले असते? ते डोळ्यांनी कोणी पाहिलेले नसते. म्हणून असा शेजारी शोधायचा की जो बाकी सगळ्या बाबतींत आपल्यासारखा आहे, फक्त त्याच्याकडे योजना नाही. त्याच्याकडे जे झाले, तेच आपल्याकडेही योजनेविना झाले असते, असे धरायचे.

असा शेजारी पोलादपूरला एकदा आयताच मिळाला होता.

२ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्र शासनाने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना ठरवून दिलेल्या ९७२ शस्त्रक्रिया व उपचारांसाठी वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च शासन उचलणार, रुग्णाने रुग्णालयात पैसे भरायचे नाहीत, अशी ती योजना. पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे होते. गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि आपला रायगड. रत्नागिरी त्यात नव्हता, सातारा नव्हता. उरलेल्या महाराष्ट्राला ही योजना २१ नोव्हेंबर २०१३ रोजी मिळाली. म्हणजे साडेसोळा महिने कशेडी घाटाच्या अलीकडे योजना होती आणि पलीकडे नव्हती.

पोलादपूर सोडून घाट चढला की रायगड संपतो आणि रत्नागिरी जिल्ह्यातला खेड तालुका लागतो. घाटाच्या दोन्ही अंगांची माती तीच, पाऊस तोच, भात आणि नाचणी तीच. घरटी एखादा तरी मुंबईला असतो, हेही तेच. सोयरिकीसुद्धा घाट ओलांडून होतात. हृदयाची झडप आकुंचित झालेली एक बाई घाटाच्या अलीकडच्या वाडीत आणि तशीच दुसरी पलीकडच्या वाडीत असेल, तर त्या दोघींत फरक फक्त शिधापत्रिकेवरच्या जिल्ह्याच्या नावाचा. हा फरक कोणी त्यांची प्रकृती बघून ठरवलेला नाही. जिल्ह्याची हद्द आखणाऱ्यांच्या मनात हृदयाची झडप नव्हती! चिठ्ठी टाकण्याच्या इतके जवळ जाणारे दुसरे काही शासनाच्या कारभारात सहसा सापडत नाही.

मग हिशेब कसा करायचा? समजण्यापुरते कल्पित आकडे घेऊ. दर लाख लोकांमागे मोठ्या शस्त्रक्रिया पोलादपूरकडे आधीच्या वर्षी ३० होत्या, योजनेनंतरच्या वर्षी ५० झाल्या. वीसने वाढ. अहवाल इथेच थांबतो आणि टाळ्या घेतो. पण घाटापलीकडे योजना नसतानाही त्याच काळात त्या २८ वरून ४० झाल्या असतील, तर बाराची वाढ योजनेविनाच होणारी होती. रस्ते सुधारले, लोकांच्या हातात पैसा आला, मोबाइलवरून मुंबईच्या डॉक्टरांची वेळ घेता येऊ लागली, काहीही कारण असेल. वीसातून बारा वजा केले की उरले आठ. योजनेच्या खात्यावर आठ जमा करायचे, वीस नाहीत. ह्या वजाबाकीला संख्याशास्त्रज्ञ फरकातला फरक म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण घरातली गृहिणी महिन्याचा हिशेब ह्यापेक्षा अवघड करते.

वजाबाकी सोपी असली तरी तिच्या खाली एक गृहीत धरलेले असते आणि चूक तिथे होते. योजना नसती तर दोन्ही बाजू सारख्याच वेगाने चालल्या असत्या, हे ते गृहीत. हे तपासायचे तर योजनेच्या आधीची चार-पाच वर्षे पाहावीत. तेव्हा पोलादपूर आणि खेडचे आकडे जोडीने चढत-उतरत असतील तर शेजारी विश्वासाचा. पोलादपूर आधीपासूनच पुढे धावत असेल, कारण मुंबई त्याला थोडी जवळ आहे, तर नंतरचा फरकही योजनेचा म्हणता येणार नाही. ह्या कसोटीवर सातारा जिल्ह्यातला महाबळेश्वर तालुका मी शेजारी म्हणून घेणार नाही. आंबेनळी घाट चढून गेले की हवा बदलते, स्ट्रॉबेरी आणि पर्यटन लागते, उत्पन्नाचे गणितच वेगळे. नकाशावर जवळ असलेला प्रत्येक जण शेजारी नसतो.

आणखी एक गाठ आहे, ती खास आपल्या भागातली. मुंबईही पहिल्या टप्प्यात होती. खेडच्या एखाद्या म्हाताऱ्याचे नाव मुलाच्या मुंबईच्या शिधापत्रिकेत असेल, तर तो राहायला घाटापलीकडे असूनही त्याला योजना मिळू शकत होती. अशी माणसे पुष्कळ असतील तर "योजना नसलेला" शेजारी खराखुरा योजनेविना राहत नाही, फरक पुसट होतो आणि योजनेचा गुण आहे त्यापेक्षा कमी दिसतो. शिवाय त्याआधीची जुनी जीवनदायी योजना दारिद्र्यरेषेखालील लोकांना काही गंभीर आजारांसाठी मदत करीत होतीच. म्हणजे तुलना 'योजना' आणि 'काहीच नाही' ह्यांची नाही, नव्या योजनेची आणि जुन्या मदतीची आहे. तालुक्यातल्या माणसाला हे सहज कळते. मुंबई-दिल्लीत बसून आकडेमोड करणाऱ्याला सांगावे लागते.

बेळगावकडे असे झाले

हद्दीवरची ही तुलना कागदावरची कल्पना नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकात ती प्रत्यक्ष झाली आहे. तेथे २०१० साली वाजपेयी आरोग्यश्री नावाची अशीच योजना दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी सुरू झाली. हृदयविकार, कर्करोग अशा मोठ्या उपचारांचा खर्च शासनाकडे. ती आधी उत्तर कर्नाटकात, म्हणजे गुलबर्गा आणि बेळगाव विभागांत आली, दक्षिणेकडे नंतर. अभ्यासकांनी दोन्हींमधली हद्द धरली आणि तिच्या दोन्ही बाजूंची लगतची ५७२ गावे घेतली. ३०० गावे योजनेतली, २७२ बाहेरची. घरोघर जाऊन कोण आजारी पडले, कोण दगावले, किती पैसे गेले हे विचारले.

योजनेत येणाऱ्या आजारांनी झालेले मृत्यू गरीब कुटुंबांत हद्दीच्या अलीकडे ०.३२ टक्के, पलीकडे ०.९० टक्के. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. रुग्णालयाचा खिशातला खर्चही कमी झालेला दिसला. हा अभ्यास २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच आला.

मला ह्या अभ्यासातला सर्वांत आवडलेला भाग मात्र वेगळा आहे. एखादा शंकेखोर म्हणेल, उत्तरेकडची गावे मुळातच निरोगी असतील किंवा तिकडे रुग्णालये चांगली असतील, योजनेचा काय संबंध? अभ्यासकांनी त्याच गावांतल्या दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबांचेही आकडे घेतले होते. त्यांना योजना लागू नव्हती. त्यांच्यात हद्दीच्या अलीकडे-पलीकडे मृत्यूंचा तसा फरक दिसला नाही. गावाची हवा, पाणी किंवा रुग्णालये कारण असती तर त्या कुटुंबांतही फरक दिसला असता. ज्याला औषध दिले त्यालाच गुण यावा आणि ज्याला दिले नाही त्याला येऊ नये, तरच औषध खरे. येथे तसेच झाले.

ही युक्ती नवीही नाही. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी हेच केले होते. एकाच वस्तीत दोन कंपन्यांचे पाणी होते, कधी एका घराला एकीचे तर शेजारच्या घराला दुसरीचे. एक कंपनी थेम्स नदीचे पाणी शहराची घाण मिसळते त्या भागातून उचले, दुसरीने आपला पंप वरच्या स्वच्छ भागात नेलेला होता. घाण पाणी पिणाऱ्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीकडे ३७. पटकी पाण्यातून येते हे तेव्हा फारसे कोणी मानत नव्हते.

जो येतो आणि जो येत नाही

शेजारी नीट निवडला नाही तर मोठमोठ्या विद्वानांची उत्तरेही वेगळी निघतात. २००५ साली केंद्र सरकारने जननी सुरक्षा योजना आणली. दवाखान्यात बाळंतपण केले तर आईला रोख रक्कम. दवाखान्यातली बाळंतपणे भराभर वाढली, ह्यात वाद नाही. पण त्यामुळे बाळांचे मृत्यू कमी झाले का? २०१० साली लॅन्सेट ह्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने सांगितले, हो, कमी झाले. २०१५ साली दुसऱ्या अभ्यासकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत योजना कधी आणि किती वेगाने रुजली हे पाहून हिशेब केला, तेव्हा नवजात बालकांचे मृत्यू घटल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. मातांकडून स्तनपान वाढलेले मात्र दिसले.

असे का व्हावे? पहिल्या अभ्यासात मुख्य तुलना योजनेचा लाभ घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची होती. आता आपल्याकडचेच पाहा. लाभ कोण घेते? महामार्गावरच्या दासगावची बाई रिक्षात बसून महाडला पोहोचते. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतल्या बाईला पावसाळ्यात कळा सुरू झाल्या तर डोलीतून खाली आणावे लागते, मग घरीच सुईणीला बोलावतात. पहिलीचे बाळ जगण्याची शक्यता मुळातच जास्त, कारण रस्ता जवळ, घरात शिकलेले माणूस, बाळंतपणाआधीच्या तपासण्या झालेल्या. पैसे मिळोत वा न मिळोत. अभ्यासक वय, शिक्षण, गरिबी अशा दिसणाऱ्या गोष्टी जुळवून घेतात, पण डोलीची चार कोसांची वाट त्यांच्या तक्त्यात कोठे असते? माझ्या मते दुसऱ्या अभ्यासाचे उत्तर अधिक विश्वासाचे. त्याचा अर्थ दवाखान्यात जाऊ नये असा मुळीच नाही. बाईला दवाखान्यापर्यंत आणले, पण तेथे रात्री डॉक्टर, रक्त आणि बाळाला ऊब द्यायची सोय नसेल, तर नुसत्या पैशाने बाळ वाचत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो.

ह्या उलट गडचिरोलीचे उदाहरण. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी, वजन, श्वास कोंडलेल्या बाळावर उपचार, जंतुसंसर्ग ओळखून सुई देणे हे शिकवले. काम सुरू करण्याआधीच त्यांनी तुलनेची सोय करून ठेवली होती. ३९ गावांत काम आणि ४७ गावांत फक्त नोंदी. सुरुवातीला दोन्हीकडे नवजात मृत्यूंचे प्रमाण जवळपास सारखेच, हजार जन्मांमागे साठच्या आसपास. तिसऱ्या वर्षी काम केलेल्या गावांत ते २५.५ झाले, नुसत्या नोंदीच्या गावांत ५९.६ राहिले. ते ४७ गावांचे आकडे नसते तर लोक म्हणाले असते, जमाना सुधारतो आहे, मृत्यू कमी होणारच. १९९९ साली हा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला आणि २०११ पासून आशा कार्यकर्तीने घरी येऊन बाळ तपासण्याची पद्धत देशभर सुरू झाली. तुमच्या घरी नातवंडाचे वजन करायला आशाताई येतात, त्याच्यामागे ती ४७ गावेही आहेत.

आपल्या तालुक्याचे आकडे वाचताना

आता थोडे आपल्या अहवालांविषयी. पोलादपूर तालुका लहान. २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या आत लोकसंख्या. एवढ्या लोकसंख्येत मातामृत्यू एखाद्या वर्षी तीन होतात, पुढच्या वर्षी एक, त्याच्या पुढे दोन. तीनच्या वर्षी ओरड होते, विशेष मोहीम येते, पुढच्या वर्षी एक होतो आणि "दोन तृतीयांश घट" छापून येते. मोहीम आली नसती तरी तीनच्या पाठोपाठ बहुधा कमीच आकडा आला असता. सर्वांत वाईट वर्ष पाहून उपाय सुरू केला की उपाय नेहमी लागू पडल्यासारखा वाटतो. रुग्णही दुखणे अगदी असह्य झाले की डॉक्टर बदलतो, आणि नव्या डॉक्टरचा गुण येतो.

एकाच वेळी दोन गोष्टी येतात तेव्हाही फसगत होते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. कोणी महाडचे २०११ चे आणि २०१५ चे आकडे घेऊन जीवनदायी योजनेचा हिशेब मांडला, तर रुग्णवाहिकेचे श्रेयही योजनेच्या पदरात पडेल. कशेडीच्या त्या साडेसोळा महिन्यांत मात्र दोन्ही बाजूंना १०८ नव्हती, म्हणून ती तुलना स्वच्छ राहते. २०२० आणि २०२१ ची वर्षे तर आपल्याकडे कोणत्याच योजनेच्या हिशेबाला धड नाहीत. आधी करोना, मग जुलै २०२१ चा महाडचा पूर आणि तळियेची दरड. पुरानंतर लेप्टोच्या प्रतिबंधासाठी गोळ्या वाटतात, आणि वाटाव्यातच. पण चिखलात उतरलेल्या प्रत्येकाला गोळी दिल्यावर लेप्टो किती टळला हे पुढे सांगता येत नाही. पुराच्या वेळी कोणाला मुद्दाम गोळीविना ठेवा असे कोणता डॉक्टर म्हणेल? काही ठिकाणी अज्ञान पत्करावे लागते.

आकडा वाढला म्हणजे आजार वाढला असेही नाही. कुष्ठरोग किंवा क्षयरोग शोधण्याची मोहीम निघाली की रुग्णसंख्या वाढते, कारण लपलेले रुग्ण सापडतात. सर्पदंशाच्या नोंदी नीट ठेवू लागलो की साप वाढल्यासारखे वाटतील. मोहिमेवर टीका करण्याआधी एवढे विचारावे की मोजण्याची पद्धत बदलली का?

आणि काय मोजले, हेही. शस्त्रक्रियांची संख्या वाढवणे सोपे असते. रुग्णालयाला पैसे मिळतात, तेव्हा संख्या वाढेलच. त्याने मृत्यू टळले का, घर कर्जातून वाचले का, हे मोजायला वेळ आणि पायपीट लागते. जीवनदायी योजना रोकडरहित म्हणवली जाई, तरी मुंबईतल्या लाभार्थ्यांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुष्कळांना खिशातून पैसे घालावे लागल्याचे आढळले. आपल्या भागातल्या रुग्णाला त्यावर मुंबई-पुण्याचे भाडे आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी वेगळीच.

पुढे ह्या योजनेला २०१७ साली महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, मग केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोड झाली, आणि २०२३ साली राज्यातल्या सर्वच कुटुंबांना ती लागू करून मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. रुग्णांच्या दृष्टीने चांगलेच झाले. तपासणीच्या दृष्टीने मात्र आता कशेडीच्या पलीकडे योजनेविना शेजारी उरला नाही.

सर्वांना एकदम देणे शक्य नसते, पैसा आणि माणसे कमी असतात, तेव्हा टप्पे पडतातच. मग पहिला टप्पा कोणाचा हे वजनदार पुढाऱ्याच्या मतदारसंघावरून ठरण्यापेक्षा उघड सोडतीने का ठरू नये? मेक्सिको देशात १९९७ साली गरीब कुटुंबांना मुलांच्या शाळेसाठी आणि दवाखान्यासाठी पैसे देणारी योजना आली, तेव्हा निवडलेल्या ५०६ खेड्यांपैकी ३२० खेड्यांत आधी आणि १८६ खेड्यांत साधारण दीड वर्षाने सुरू करायचे, हे सोडतीनेच ठरले होते. कोणाला कायमचे वंचित ठेवले नाही, आणि योजना उपयोगी आहे हे सिद्धही झाले. सरकार बदलले तरी त्या पुराव्यामुळे ती पुढे चालू राहिली. आपल्या ग्रामपंचायतीत आरक्षणाची सोडत शाळेतल्या मुलाच्या हाताने चिठ्ठी उचलून निघते, ती सर्वांना मान्य असते. फिरत्या दवाखान्याची गाडी आधी कोणत्या गावांना, हेही तसे काढता येईल.

कशेडीचा तो हिशेब आजही कोणी करू शकेल. सामाजिक वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने मनावर घेतले तर घाटाच्या दोन्ही अंगांची वीस-वीस गावे पुरतील. अडचण कागदांची आहे. गावातल्या मृत्यूच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात "वृद्धापकाळ" किंवा "हृदयक्रिया बंद पडून" लिहिलेले असते. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते! घरात कोणाचा मृत्यू झाला आणि नोंदीला गेलात, तर शेवटचा आजार कोणता होता, किती दिवस होता आणि कोणत्या रुग्णालयात उपचार झाले, हे ग्रामसेवकांना स्पष्ट सांगावे. आणि जुलै २०१२ ते नोव्हेंबर २०१३ ह्या काळात ज्यांच्या घरी मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, मग ते पोलादपूरचे असोत की खेडचे, त्यांनी रुग्णालयातून घरी सोडतानाचे कार्ड, खर्चाच्या पावत्या आणि तेव्हाच्या शिधापत्रिकेची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटमाळ्यावर उंच ठेवावी. गणपतीआधीच्या साफसफाईत ती बंबात घालू नये.